कोपऱ्यात राहिलेले बी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. आकाराने तुमच्या तळहाताएवढी, तोंडाशी नाडी ओवलेली आणि अंगावर उभे निळे पट्टे असलेली. पट्ट्यांचे मी आधीच सांगून टाकते. कारण मला पाहणाऱ्याची पहिली नजर त्यांच्यावरच जाते, आणि मग कुठे तोंड लपवावे हे मला कळत नाही. फुलांचे बी सांभाळणे हे माझे काम. पण जन्माने मी पिशवी नाही. माझा जन्म एका पायजम्याच्या पोटी झाला, आणि तो पायजमा अजून साऱ्या गल्लीच्या लक्षात आहे.

तुम्हाला हसू आले असेल. हसा. मला त्याची सवय आहे.

ज्या घरात माझे आयुष्य गेले ते गल्लीच्या वळणावरचे एक बसके घर होते. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि रस्त्याला लागून कमरेएवढ्या कुंपणाआड एक बाग. बाग म्हणणे जरा धाडसाचेच. दोन खाटा शेजारी शेजारी टाकल्या असत्या तर ती संपली असती. समोर घड्याळजींचे दुकान होते. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर घड्याळांच्या पोटात पाहत, आणि मोकळ्या डोळ्याने रस्त्यावर लक्ष ठेवत.

घरात दोनच माणसे राहत. गल्ली त्यांना काका आणि काकू म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. काका एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कपाळाला आठी आणि विजारीला इस्त्री, दोन्ही सदैव तयार. चारचौघांत बोलण्यापूर्वी ते गळ्याशी हात नेऊन गुंडी लागली आहे ना, हे पाहून घेत. अशा माणसाचा एक पायजमा होता, आणि घरी आल्यावर तोच त्यांचा खरा सोबती असे. तो घालूनच ते सकाळी फाटकाशी वर्तमानपत्र घ्यायला जात. म्हणून त्या निळ्या पट्ट्यांची गल्लीला ओळख झाली.

पुढे पायजमा गुडघ्यांशी विरला. काकूंनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांना असेच कापड हवे होते. अनेकदा धुतलेले, मऊ, वारा आत घेणारे आणि बी बाहेर न सोडणारे. त्यांनी कात्री लावली. बाकीच्या पायजम्याची फडकी झाली. मागच्या बाजूच्या, त्यातल्या त्यात धड राहिलेल्या तुकड्याची मी झाले. होय, मागच्याच बाजूच्या. हे आजवर मी कुणाला सांगितले नव्हते.

काकूंचा शिवणात हात बसलेला नव्हता. त्यांनी माझी कड दोनदा आत दुमडली, पण तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत दुमड थोडी सैल राहिली. हा दोष ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता माझे काम काय, ते सांगते. काकूंच्या वाफ्यात कॉसमॉस असे, अ‍ॅस्टर असे. पण त्यांचा जीव होता तो विटकरी झिनियावर. भट्टीतून नुकतीच काढलेली वीट जशी दिसते तसा तिचा रंग, आणि पाकळीच्या कडेला अगदी पुसट केशरी. हा रंग रोपवाटिकेत मिळत नाही. तिथे लाल मिळते, गुलाबी मिळते, पिवळी तर हवी तेवढी. विटकरी झिनिया काकूंच्या आईने वर्षानुवर्षे बी धरून राखली होती. जाताना तिने ते बी दोघी मुलींना वाटून दिले. पुढे थोरल्या ताईंचे अंगण रस्तारुंदीत गेले आणि त्या उंच इमारतीत राहायला गेल्या. तेव्हापासून ती झिनिया फक्त आमच्या वाफ्यात उरली.

बी धरण्याची काकूंची रीत थोडी उलटी होती. उन्हाळाभर त्या फुले खुडून घरात आणत, शेजारी वाटत. पण पहिल्या बहरातले सर्वांत देखणे, सर्वांत भरगच्च फूल त्या कधीच खुडत नसत. ते झाडावरच म्हातारे होऊ देत. बायका विचारत, अहो काकू, चांगले सोडून हे किरकोळ काय घेता? काकू हसून सांगत की चांगले घरात आणले तर पुढच्या वर्षी किरकोळच उगवेल. मग त्या देखण्या फुलाच्या पाकळ्यांचा रंग उडे, कडा करपत, मधला गोंडा तपकिरी होई, आणि चिमण्यांना त्याचा पत्ता लागे. त्या वेळी काकू मला घेऊन येत. फुलावर मला टोपीसारखी चढवत आणि देठाशी नाडी बांधत.

म्हणजे पाहा, फूल सुंदर असते तोवर माझी कुणाला आठवण होत नाही. ते कुरूप होऊ लागले की मला बोलावतात. आपण कुणाच्या तरी पडत्या काळाचे सोबती आहोत, एवढे मला फार लवकर समजले होते. त्याचे मला वाईट वाटत नसे. वाऱ्यावर डुलताना आतले फूल हळूहळू सुटे होई, आणि बी कुजबुजल्यासारखे माझ्या अंगाला घासत राही. तो आवाज मला फार आवडे.

मग एका कोरड्या दुपारी काकू देठासकट मला कापून आत नेत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरत. वाळका गोंडा बोटांनी चुरत. झिनियाच्या प्रत्येक पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखे एक चपटे बी असते. फुंकर मारून त्या कोंडा उडवत आणि बी बाजूला सारत. सगळे आटोपले असे वाटे, तेव्हा त्या मला उलटी करत आणि करंगळी माझ्या कोपऱ्यांत फिरवत. सैल दुमडीत अडकलेले दोन-चार दाणे बाहेर पडत. "चुकार मेले, दरवर्षी इथंच लपतात," असे म्हणून त्या माझ्याकडे कौतुकाने पाहत. त्यांच्याकडे उशीच्या अभ्र्याच्या पांढऱ्या पिशव्याही होत्या. पण फाटकाजवळच्या सर्वांत चांगल्या फुलावर त्या मलाच बांधत. माझ्या आयुष्यातला मान म्हणाल तर एवढाच.

आणि त्या मानातूनच माझी लाज सुरू झाली. फाटकाजवळची जागा म्हणजे अगदी रस्त्यावर.

एका संध्याकाळी काका कचेरीतून परतत होते. फाटकाशी पोचतात तोच समोरून घड्याळजींनी भिंग वर सरकवले आणि मोठ्याने विचारले,

"काका, यंदा पायजम्याला फूल आलं वाटतं?"

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. तीही हसली. त्यात विखार नव्हता. घड्याळजी मनाचे वाईट नव्हते. काका आजारी पडले तेव्हा डॉक्टरांना बोलवायला तेच धावले होते. पण काकांचे कान लाल झाले. त्यांनी गळ्याशी हात नेऊन गुंडी चाचपली आणि मान खाली घालून आत शिरले. मी देठावर लोंबकळत होते. मला हातपाय असते तर मी उतरून पळून गेले असते.

घरात त्यांनी काकूंना हळूच विचारले, फाटकाशी पांढरी बांधली तर चालणार नाही का. काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिच्यावर काय तुमचं नाव घातलंय?"

"नाव कशाला हवं," काका म्हणाले. "सगळे ओळखतात."

काकूंना वाटले, थट्टा आहे. त्यांनी हसून ते कानामागे टाकले. पण ती थट्टा नव्हती. पुढे कचेरीतल्या कुण्या धाकट्या कारकुनानेही आडून काही विचारले म्हणे. त्या दिवसापासून काका फाटकातून जाता-येता माझ्याकडे पाहणे टाळू लागले. आपल्याला पाहून कुणी नजर वळवते, हे सोसणे फार कठीण असते, मित्रांनो. आपण काही केलेले नसते, तरी आपणच ओशाळतो.

त्याच वर्षी पानगळीच्या सुमारास ताईंचा फोन आला. नव्या जागेत त्यांना सज्जा मिळाला होता आणि त्यात त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या. यंदा आईच्या झिनियाचे बी मला दे, असे त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर काकू बागेत आल्या आणि त्यांनी माझी नाडी पुन्हा एकदा घट्ट केली. बाकीची झिनिया थंडीने काळी पडून केव्हाच उपटली गेली होती. विटकरी फुलांपैकी उरली होती ती फक्त पिशव्यांतली, वाळत आलेली. काकू म्हणाल्या, आणखी चार दिवस ऊन लागू दे.

पण त्या चार दिवसांच्या आतच काकांच्या कचेरीतले मोठे साहेब सपत्नीक चहाला येणार असल्याचा निरोप आला.

घर ढवळून निघाले. काकांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल दिले, खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवला, कपबश्यांतला टवका उडालेला कप मागे ठेवायला सांगितला. रविवारी दुपारी त्यांनी आपला एकुलता एक चांगला कोट अंगात घातला आणि पाहुण्यांच्या नजरेने घर पाहावे म्हणून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना काय दिसले असेल? पाने झडलेले तपकिरी दांडे, त्यांच्या टोकांना लटकलेली उशीच्या अभ्र्यांची बोचकी, आणि सर्वांत पुढे, अगदी फाटकाला खेटून, मी. माझे निळे पट्टे त्या उन्हात उठून दिसत होते.

काकू स्वयंपाकघरात होत्या. काका आत जाऊन कात्री घेऊन आले.

एकामागून एक दांडे त्यांनी बुडाशी कापले. पांढऱ्या पिशव्या फुलांसकट तशाच राहू दिल्या. गल्लीच्या टोकाला झाडूवाला वाळक्या पानांचा ढीग जाळीत होता. ती मोळी त्यात टाकायची, असे त्यांनी ठरवले असावे. माझ्यापाशी मात्र ते थबकले. मला हातात धरून गल्लीभर मिरवणे त्यांना शक्य नव्हते. झाडूवाल्याने तर मला नक्कीच ओळखले असते. त्यांनी घाईघाईने माझी नाडी ओढली आणि मला फुलावरून हिसकून काढले. वाळलेला गोंडा चुरला. काही बी मातीवर सांडले. ते पुढे चिमण्यांनी टिपून नेले. थोडे माझ्या तळाशी घसरले आणि सैल दुमडीत जाऊन बसले. ते काकांना ठाऊक नव्हते. त्यांनी माझा बोळा करून मला कोटाच्या आतल्या खिशात कोंबले. उरलेली मोळी त्यांनी स्वतः नेऊन आगीत टाकली. मी पाहू शकले नाही; पण वाळके गोंडे तडतडल्याचे मला खिशातून ऐकू आले.

थोड्याच वेळात गाडीचे दार वाजले. पाहुणे आले.

पुढचे सारे मी काकांच्या छातीशी, अंधारात राहून ऐकले. नमस्कार-चमत्कार झाले. साहेबांनी घराचे कौतुक केले. साहेबांच्या पत्नी मात्र बसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज तिकडून आला.

"अहो, त्या पिशव्या कुठे गेल्या?"

मग त्या अवघडून सांगू लागल्या की त्या रोज सकाळी फिरायला याच रस्त्याने जातात. त्यांच्या लहानपणी घरी अशाच पिशव्या बांधत, आणि विटेच्या रंगाची झिनिया त्यांनी त्यानंतर इथे सोडून कुठे पाहिलेली नाही. कितीतरी दिवस त्या पट्ट्यांच्या पिशवीवर त्यांचे लक्ष होते, बी केव्हा पिकते म्हणून. "खरं सांगू का," त्या काकूंना म्हणाल्या, "चहाचं निमित्त आहे. मी चिमूटभर बी मागायला आलेय. हे म्हणत होते, मागू नकोस, बरं दिसत नाही."

काकूंची पावले खिडकीकडे गेली. तिथे त्या थांबल्या. त्यांनी कापलेले दांडे पाहिले असणार. नंतर त्या वळल्या असणार, आणि त्यांनी काकांकडे पाहिले असणार. कारण माझ्या कानाशी काकांचे काळीज एकदम धावू लागले.

आणि काका बोलले, "हिनंच काढल्या सकाळी. साफसफाईच्या नादात."

मला वाटले, आता काकू बोलतील. त्या बोलल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा खाली होता.

"हो. माझ्याच हातून झालं."

मग त्यांनी चहा ओतला. किटलीची चोच कपाला लागून बराच वेळ किणकिणत राहिली.

मित्रांनो, लाज दोन प्रकारची असते, हे मला त्या खिशात कळले. एक पायजम्याची. ती वरवरची, वाऱ्याने उडून जाईल अशी. दुसरी जी त्या दुपारी काकांच्या छातीत जन्मली, तिला वारा लागत नाही. ती मला अगदी कापडाच्या धाग्यापर्यंत जाणवत होती. मी त्यांच्याच पायजम्याची होते ना. त्यांची लाज मला परकी कशी वाटेल?

पाहुणे गेल्यावर काकू गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा नळाखाली त्यांनी हात बराच वेळ धुतले. काकांनी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. राखेत काय सापडणार होते?

त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. पण त्या भांडल्या नाहीत. हिवाळाभर त्या घरात फक्त कामापुरती वाक्ये बोलली गेली. पाणी तापलंय. दार लावून घ्या. छत्री न्या. पूर्वी काका वर्तमानपत्रातले काहीबाही मोठ्याने वाचून दाखवत आणि काकू आतून शेरे मारत, तेही थांबले. मी हे सारे कपाटाच्या फटीतून ऐकत असे. तो कोट काकांनी पुन्हा घातलाच नाही. कपाट उघडले की त्यांचा हात कोटाकडे येई, आतल्या खिशावर क्षणभर थांबे आणि मागे जाई. मला बाहेर काढायचे म्हणजे मागचे सारे बोलावे लागणार. फुले कापल्याचे एक वेळ सांगता आले असते. पण नंतरच्या त्या वाक्याचे काय?

माझीही दशा काही वेगळी नव्हती. ज्यासाठी ते घर आतून झुरत होते, ते माझ्या कोपऱ्यात शाबूत होते. नाडीचे का होईना, मला तोंड होते. पण त्या तोंडाने कधी शब्द काढलेला नव्हता. बी माझ्या दुमडीत निजले होते. दिवस लांबू लागले तसे ते मला जड वाटू लागले.

वसंत आला. मागच्या दारी काकूंनी ट्रे मांडले, माती चाळली. कॉसमॉस पेरला, अ‍ॅस्टर पेरले. त्यांचे बी आधीच धरून ठेवलेले होते. फाटकाजवळची जागा त्यांनी खणून भुसभुशीत केली, खत घातले आणि तशीच मोकळी ठेवली. शेजारणीने विचारले, तिथे काय लावणार. बघू, असे त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी ताईंचा फोन आला. कपाटाचे दार किलकिले होते आणि काकू बाहेरच उभ्या होत्या, त्यामुळे मला सारे ऐकू आले. "नाही गं ताई," काकू सांगत होत्या, "यंदा बी धरायचं राहूनच गेलं माझं. कामात विसरले बघ." पलीकडून ताई काहीतरी लागट बोलल्या असाव्यात, कारण काकू मध्येच थांबल्या आणि नुसते "हो ना" म्हणत राहिल्या. "हो ना. आईनं माझ्या हातात द्यायलाच नको होतं. हो ना."

काका पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नव्हता. आता खुर्ची मागे सरकली. पावले कपाटाशी आली. या वेळी हात खिशावर थांबला नाही. तो आत आला.

काकू मागच्या पायरीवर ट्रेंपाशी जाऊन बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले. तळहात पुढे केला. तळहातावर चुरगळलेली मी. इतक्या दिवसांनी उजेड पाहून मला माझ्या पट्ट्यांची पुन्हा शरम वाटली. पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

"दांडे मी कापले," काका म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"तुला तेव्हाच..."

"अहो, घरात माणसं किती? मी कापले नव्हते." काकूंनी मातीचे ढेकूळ बोटांत फोडले. "पायजम्याची लाज वाटली, ते मी समजू शकते. मीच ऐकलं नाही तुमचं. पण पाहुण्यांसमोर माझं नाव पुढे केलंत."

काकांचा हात गळ्याशी गेला. पण तिथे गुंडी नव्हती, घरातला सदरा होता. "पायजम्याची आता काहीच वाटत नाही," ते म्हणाले. "तुझं नाव पुढे केलं, त्याचीच वाटते."

काकूंनी क्षमा केली, की नाही केली, हे मी सांगू शकत नाही. तसे काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतले, गुडघ्यावर ठेवून सरळ केले आणि सवयीनेच उलटी केली. करंगळी एका कोपऱ्यात गेली. काही नाही. दुसऱ्या कोपऱ्यात गेली, आणि तिथे थांबली.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पेपर आणा."

काकांना कळले नाही. त्यांना वाटले, डोळे पुसायला काही मागत आहेत. ते रुमाल शोधू लागले. "पेपर हो, पेपर," काकू म्हणाल्या, आणि त्या वाक्यात कितीतरी दिवसांनी जुना आवाज होता.

त्यांनी दाणे कागदावर पाडले. फार नव्हते. एकेक नखाखाली दाबून पाहिला. पोकळ होते ते बाजूला गेले. उरलेले मूठ भरावी इतकेही नव्हते, बोटाच्या पेरावर बसतील एवढेच. काकांनी विचारले, येईल ना? काकू म्हणाल्या, येईल न येईल. आणि आले तरी रंग तोच येईल असे नाही. भुंगे-मधमाश्या कुठून काय आणतात ते आपल्याला दिसत नाही.

दोन रोपे वर आली. त्यातले एक गोगलगायीने रातोरात खाऊन टाकले. उरलेले एक फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत लावले. काका कचेरीतून आले की आधी तिथे उकिडवे बसत, इस्त्रीची पर्वा न करता. समोरून घड्याळजी त्यांना विचारत, काय, चावी द्यायची आहे का रोपाला? काका हसत, पण कळी धरली तेव्हा त्यांचे हसणेही थांबले. ती उघडेपर्यंत त्यांना धीर नव्हता.

ती विटकरीच उमलली. कडेची केशरी छटा पूर्वीपेक्षा जराशी फिकट होती. काकूंनी ते पाहिले आणि मान डोलावली. आईच्या वेळीही कधी कधी असे होई, असे त्या म्हणाल्या.

मी तेव्हा खिडकीच्या गजाला वाळत घातलेली होते. म्हणून पुढचे मला डोळ्यांनी पाहता आले. सकाळी साहेबांच्या पत्नी फिरायला निघाल्या होत्या. फाटकाशी येऊन त्या थबकल्या आणि फुलाकडे पाहत राहिल्या. काकू आतून आल्या. काका वर्तमानपत्र घ्यायला बाहेरच उभे होते. घड्याळजींचे दुकान उघडलेले होते आणि तिथे गिऱ्हाईकही होते. काका कुंपणाशी गेले.

"मॅडम, त्या दिवशी पिशव्या मी काढल्या होत्या. हिनं नाही. मी खोटं बोललो."

बाईंनी फुलावरची नजर काकांकडे वळवली. मग म्हणाल्या, "ते तेव्हाच कळलं होतं मला. इतकं जपणारी बाई असं करत नाही." आणि त्या पुढे म्हणाल्या, "पण सांगायला फार दिवस लावलेत तुम्ही."

"हो," काका म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही. पण चेहरा पडला तो पडलाच. खरे बोलल्याने लाज जाते, असे कुणी तुम्हाला सांगितले तर लगेच विश्वास ठेवू नका. ती जात नाही. फक्त तिला घेऊन माणसांत उभे राहता येते.

उन्हाळा सरत आला. त्या पहिल्या फुलाला कुणी हात लावला नाही. ते झाडावर म्हातारे झाले; रंग गेला, कडा करपल्या, चिमण्या कुंपणावर येऊन बसू लागल्या. काकूंनी मला उचलले. माझी एक कड उसवली होती, तिला त्यांनी टीप घातली. कोपऱ्यांची सैल दुमड मात्र तशीच ठेवली. मग त्या फाटकाकडे निघाल्या, तर काका म्हणाले, आण इकडे.

त्यांना नाडी बांधता येत नव्हती. गाठ एकदा सुटली, एकदा देठच वाकला. काकू जवळ उभ्या राहून सांगत होत्या, इतकी आवळू नका, फाशी द्यायची नाहीये तिला. रस्त्यापलीकडे भिंग वर सरकल्याचे मी पाहिले, आणि मी जीव मुठीत धरला.

"काका, पुन्हा पायजम्याला फूल?"

काकांनी मागे वळून पाहिले नाही. गाठ त्यांच्या बोटांत होती. "हो," ते म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात. "माझाच आहे तो."

आणि त्यांनी गाठ पुरी केली.

मित्रांनो, त्या दुपारी मी वाऱ्यावर डुलत होते आणि माझे पट्टे रस्त्याकडे तोंड करून होते. लाज मला अजून वाटते. ती माझ्या कापडातच आहे, कितीही धुतले तरी विरते पण जात नाही. पण माझ्यात बी पिकत होते. त्यातले थोडे ताईंच्या सज्ज्यात जायचे होते, थोडे साहेबांच्या पत्नींकडे, आणि उरलेले याच फाटकाशी. एवढे असल्यावर लटकून राहायला काय हरकत आहे?

आता मी फार थकले आहे. उन्हाने माझे निळे पांढुरके झाले आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. वर्षातून एखादे तरी फूल, आणि तेही सर्वांत देखणे, खुडू नका. त्याला झाडावर कुरूप होऊ द्या, आणि लोक हसले तरी त्याच्यावर काहीतरी बांधा. मग बी काढून झाले, पिशवी रिकामी झाली असे तुम्हाला वाटेल. लगेच झटकून टाकू नका तिला. उलटी करा, आणि करंगळी कोपऱ्यात घाला.